जुनी महिंद्रा पिकअप (२००१): आहे तेच इंजिन उघडावं, टर्बो लावावा, की दुसरं बसवावं?

घनसाळ_आजरा

नमस्कार मंडळी. अप्पांनी २००१ साली घेतलेली महिंद्रा पिकअप अजून आमच्या दारात आहे. २५२३ सीसीचं महिंद्राचं एमडीआय डिझेल इंजिन, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही. मीटर मधल्या काळात दोनदा बंद पडला होता, पण चार लाख किलोमीटर कधीच ओलांडलेत.

आजऱ्याहून घनसाळ तांदूळ आणि काजू घेऊन आंबोली घाटाने खाली सावंतवाडी, आणि शुक्रवार धरून म्हापशाचा बाजार. येताना नारळ आणि सुकी मासळी. म्हणजे उतार रिकामा आणि चढ भरलेला असं नाही, दोन्ही वेळा गाडी भरलेलीच, आणि खरी परीक्षा परतीची.

त्रास असा: घाटाच्या पायथ्याची दाणोली सुटली की गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि तिथंच राहते. वर धबधब्यापर्यंत पोचेतो पाण्याचा काटा लालला टेकतो. सकाळी सुरू करताना निळा धूर, चढाला काळा. हजार किलोमीटरला पावणेदोन लिटर ऑइल वरून घालतोय. अ‍ॅव्हरेज ११ वरून ८ वर आलं.

तीन मिस्त्रींना दाखवली. एक म्हणाला, इंजिन उघडून नवे लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि पिस्टन घालून फुल काम कर. दुसरा म्हणाला, या इंजिनात दमच नाही, टर्बो बसवून देतो. तिसऱ्याकडे स्कॉर्पिओचं इंजिन पडून आहे, तो म्हणतो आठ दिवसांत बसवून देतो, घाट चौथ्यावर चढशील. खर्चाचा अंदाज अनुक्रमे ७० हजार, ९० हजार आणि पावणेदोन लाख. नवीन गाडीचा हप्ता आम्हाला झेपणार नाही, आणि अप्पांचा जीव या गाडीत आहे, हेही खरं. काय करावं?

सह्यघाट

भावा, मी सरळ सांगतो, दुसरं इंजिन बसव. स्कॉर्पिओचं जुनं २६०९ सीसीचं किंवा २१७९ सीसीचं एमहॉक. एमहॉकचा टॉर्क २९० न्यूटन-मीटर, ताकद १२० हॉर्सपॉवर. तुझ्या इंजिनाच्या दुप्पट. घाटात ट्रकच्या मागे अडकलास तर ओव्हरटेकला जीव मुठीत धरावा लागत नाही, हीसुद्धा सुरक्षितताच आहे. एकदाच खर्च कर आणि दहा वर्षं निवांत राहा.

उद्यमनगर

घनसाळ, मी कोल्हापुरात उद्यमनगरात बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं काम करतो, वडिलांपासून. निर्णय नंतर घ्या, आधी एवढ्या गोष्टी बघून इथं लिहा.

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते), इंजिन गरम असताना, आणि आकडे वेगवेगळे. मिस्त्रीचं "कमी झालंय" मला पुरत नाही. ऑइलची टोपी काढून चालू इंजिनावर हात धरा: वाफ येते, की भकाभक धूर मारतो? एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप काढून उलटा करून बघा, चीर आहे का, आतून धूळ आहे का. चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारतात ते) डिझेल पंपवाल्याकडे नेऊन टेस्ट करा. आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) आहे का बघा. आपल्याकडे गाडी तापली की पहिल्यांदा थर्मोस्टॅट काढून फेकतात.

चढाला न ओढणारी गाडी आणि मुळातच कमी ताकदीची गाडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही गाडी २००५ साली हाच घाट कशी चढायची, ते अप्पांना विचारा.

कागदआधी

दुसऱ्या इंजिनाचं बोलणं पुढं जाण्याआधी कायद्याचं लिहितो, कारण मी पंधरा वर्षं आरटीओच्या कामात आहे आणि या एका गोष्टीपायी लोकांचं झालेलं नुकसान रोज बघतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर नोंदलेला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. गॅसच्या किंवा बॅटरीच्या मंजूर किटला वाट ठेवली आहे, ती वेगळी.

मग इंजिन बदलताच येत नाही का? येतं. त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन, आरटीओची परवानगी घेऊन. विकत घेतल्याचं बिल, जुन्या-नव्या इंजिनाचे नंबर, गाडी तपासणीला नेणं, आणि आरसीवर नव्या नंबराची नोंद. दहा किंवा जास्त वाहतूक गाड्या असलेल्या मालकाला राज्य सरकार ही परवानगी आधीच देऊन ठेवू शकतं, पण एका गाडीवाल्याला अर्ज करावाच लागतो.

तुमची पिवळ्या पाटीची गाडी, दरवर्षी पासिंगला जाणार. तिथं नंबर बघतातच. म्हापशाला जाताना राज्याची हद्द ओलांडता, तेही लक्षात ठेवा.

सह्यघाट

कागदआधी साहेब, तुमचं म्हणणं बरोबर. पण तालुक्यात दहा गाड्या मी दाखवतो, दुसऱ्या इंजिनावर चाललेल्या.

दूधवाली_गडहिंग्लज

सह्यघाट दादा, त्या दहांतली एक आमची होती. माझ्या दिरांनी दुधाच्या जीपला दुसरं इंजिन बसवलं होतं, आरसीवर नोंद न करता. तीन वर्षं काही झालं नाही. २०१९च्या पावसाळ्यात गाडी ओढ्यात गेली, माणसं वाचली. विम्याचा माणूस आला, चेसिस नंबर जुळला, इंजिन नंबर जुळला नाही, आणि दावा तिथंच संपला. आमच्या सुदैवाने समोर दुसरं कुणी नव्हतं. कुणाच्या जिवाचं काही झालं असतं तर भरपाई घर विकून द्यावी लागली असती. घनसाळ भाऊ, तुम्ही रोज घाट उतरता. कृपा करून याचा विचार करा.

चंदगडी_काजू

कागद बाजूला ठेवून निव्वळ यंत्राचं बोलतो. मी स्वतः जीपला जपानी डिझेल इंजिन बसवलं होतं, मुंबईहून भंगारातून आणलेलं. इंजिन म्हणाल तर लोण्यासारखं. पण इंजिन बसवणं म्हणजे फक्त इंजिन नव्हे, हे मला काम सुरू झाल्यावर कळलं. गिअरबॉक्सला जोडायला मधली प्लेट कापून घेतली, ती केसभर वाकडी बसली आणि सहा महिन्यांत गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगने आवाज काढला. ऑइलचा चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलला घासायला लागला म्हणून कापून जोडला. सायलेन्सरचा पाइप नवा, रेडिएटर मोठा, माउंटिंग नवी. ९० हजारांचं बोलणं होतं, दीड लाखावर गेलं.

आणि मग एक दिवस ऐन पावसात वॉटर पंप गेला. चंदगड, बेळगाव, कोल्हापूर, कुठंच मिळाला नाही. नऊ दिवस गाडी उभी, आणि काजूच्या बोंडांना नऊ दिवस कुठले! एमडीआयचा वॉटर पंप आजऱ्याच्या स्टँडजवळ मिळतो. हा मुद्दा हॉर्सपॉवरच्या आकड्यापेक्षा मोठा आहे असं मी अनुभवाने म्हणतो.

डिझेलपंप_सांगली

एमहॉकसारख्या नव्या कॉमन रेल इंजिनाबद्दल थोडं, म्हणजे जिथं एकाच नळीतून (रेल) सगळ्या इंजेक्टरना जोरदार दाबाने डिझेल जातं. ते नुसतं लोखंड उचलून आणून चालत नाही. त्याच्या सोबत ईसीएम (इंजिनाचा संगणक), पूर्ण वायरिंग, अ‍ॅक्सिलरेटरचा सेन्सर, क्रँक आणि कॅमचे सेन्सर, कधी चावीचा इमोबिलायझर, सगळं त्याच गाडीचं लागतं. रेलमधला दाब हजार बारच्या वर. डिझेलमध्ये पाण्याचा थेंब आला तरी इंजेक्टर जातो. घाटात बंद पडली तर हातोडी-पान्याने चालू होत नाही, स्कॅनर लागतो. एमडीआयचा पंप यांत्रिक आहे, आमची माणसं अजून त्याला मायकोचा पंप म्हणतात, बॉश नाव येऊन इतकी वर्षं झाली तरी. बॅटरी उतरली आणि उतारावरून ढकलली तरी ते इंजिन सुरू होतं.

घनसाळ_आजरा

सगळ्यांचे आभार, दूधवाली ताई तुमचे विशेष. घरी वाचून दाखवलं.

उद्यमनगर काका, सांगितलेलं सगळं केलं. कॉम्प्रेशन २६, २७, १९, २६. तिसरा पडलाय. ऑइलच्या टोपीतून धूर मारतो, पण सारखा नाही, ठोके दिल्यासारखा. एअर फिल्टरच्या पाइपला क्लिपखाली बोटभर चीर निघाली, आत हात फिरवला तर लाल माती. थर्मोस्टॅट नाही. कुणी कधी काढला, अप्पांनाही आठवत नाही. नोझल उद्या सांगलीला पाठवतो.

अप्पांना विचारलं. म्हणाले, "टनभर नारळ घालून तिसऱ्यावर चढायची, वरच्या दोन वळणांना तेवढा दुसरा पडायचा."

उद्यमनगर

अप्पांनी उत्तर दिलं म्हणायचं. ही गाडी हा घाट चढत होती. तुम्हाला हवी असलेली बरीचशी ताकद याच इंजिनातून हरवली आहे, आणि कुठं हरवली तेही दिसतंय.

चारही सिलिंडर सारखे उतरले असते तर मी म्हणालो असतो वय झालं. एकच १९ वर येतो तेव्हा त्या एकाला काहीतरी झालेलं असतं. माझा संशय नोझलवर. नोझल थेंब गाळत असेल तर डिझेल लायनरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, रिंग कोरडी घासते, लायनरला ओरखडे पडतात. त्यात फाटक्या पाइपातून जांभ्या मातीची धूळ. ती धूळ म्हणजे पॉलिश पेपरच.

थर्मोस्टॅटबद्दल जरा लांब लिहितो, कारण हे मला मनापासून सांगायचं आहे. तो काढला की पाणी रेडिएटरमधून अखंड फिरतं आणि उतारावर, थंडीत, इंजिन कधी पुरतं गरम होत नाही. थंड इंजिनात रिंगा आणि लायनर जास्त झिजतात, ऑइलमध्ये डिझेल उतरतं. माझ्याकडे येणाऱ्या लायनरपैकी कितीतरी अशा गाड्यांचे असतात. गाडी तापते ती रेडिएटरच्या नळ्या मातीने आणि क्षाराने बुजल्यामुळे, पंखा घसरल्यामुळे, किंवा डिझेल पंपाची वेळ चुकल्यामुळे. ते शोधायला वेळ लागतो, थर्मोस्टॅट दोन बोल्टांत निघतो.

सह्यघाट

काका, पटलं. पण उघडणारच आहे तर मग टर्बो का नको? त्याच २५२३ सीसीच्या इंजिनाला कंपनीने पुढं टर्बो लावलाच की.

उद्यमनगर

चांगला प्रश्न. लावला, आणि कुठं थांबली ते बघा. टर्बोवाल्या बोलेरोत ६३ हॉर्सपॉवर, टॉर्क साधारण १८० न्यूटन-मीटर, तोही दीड हजार आरपीएमच्या आसपास. कारखान्याकडे प्रयोगशाळा होती, हवे तसे पिस्टन ओतून घेता येत होते, तरी त्यांनी एवढंच घेतलं, कारण त्यांना हे इंजिन लाखो किलोमीटर टिकवायचं होतं.

या इंजिनाचा पिंड समजून घ्या. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. विचित्र आकडे वाटतात, पण इंचात मोजा: साडेतीन इंच बोअर, चार इंच स्ट्रोक. हे मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचं माप, १५४ घन इंच. ट्रॅक्टरची औलाद आहे. कमी फेऱ्यांत ओढायचं, दिवसभर ओढायचं. स्ट्रोक लांब असल्यामुळे खालच्या आरपीएमला दम आहे, वर ताणायला गेलात तर त्याला सोसत नाही.

बाजारातला टर्बो लावला की जास्त हवा जाते, मग जास्त डिझेल देण्यासाठी पंपाचा स्क्रू फिरवतात. दाब वाढतो, उष्णता वाढते. पिस्टनचा माथा, हेड गॅसकेट, कॉनरॉडची बेअरिंग, सगळ्यांवर ओझं. टर्बोसाठी बनवलेल्या इंजिनात पिस्टन वेगळे असतात, ऑइल पंप आणि थंड करायची सोय त्या हिशेबाने असते. आधीच तापणाऱ्या गाडीला हे करणं मला अजिबात मान्य नाही. स्क्रू फिरवून काळा धूर काढणारी गाडी पीयूसीलाही अडकते. तुमच्या वयाच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे.

टर्बो हवाच असेल तर त्याच इंजिनाचं टर्बोवालं पूर्ण युनिट, पिस्टनपासून पंपापर्यंत, आणि आधी आरटीओत लेखी विचारून. अर्धवट नको.

ह्यूस्टनकर

मी मूळ इचलकरंजीचा, आता टेक्ससमध्ये. इथं पिकअप म्हणजे घरातलं माणूस, त्यामुळे हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझी १९९४ची फोर्ड एफ-१५० आहे, ४.९ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन. तेही असंच, ३०० घन इंच, टायमिंगला चेन नाही, गिअर. हॉर्सपॉवर बेताची, पण ट्रेलर कुरकुर न करता ओढतं. दोन वर्षांपूर्वी रिंगा गेल्या. मित्रांनी व्ही-८ बसव म्हणून आग्रह केला. इथं ते सोपं आहे, तयार माउंटिंग आणि वायरिंगची किट मिळतात. तरीही मी त्याच इंजिनाचा तयार केलेला लाँग ब्लॉक घेतला, म्हणजे हेडसकट नवीन काम केलेलं इंजिन, बाहेरचे पंप-अल्टरनेटर आपले जुने लावायचे. एका शनिवार-रविवारात बसलं, कारण प्रत्येक बोल्ट आपल्या जागीच होता.

इथंही सगळीकडे मोकळं रान नाही. कॅलिफोर्नियात बदललेलं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं असावं लागतं, त्याची प्रदूषणाची सगळी उपकरणं सोबत असावी लागतात, आणि सरकारने नेमलेला तपासनीस ते बघतो.

चंदगडी_काजू

आपल्याकडे तयार ब्लॉकऐवजी "हाफ इंजिन", म्हणजे हेड नसलेलं खालचं इंजिन, मिळतं जुन्या बाजारात. घेऊ नका असं नाही, पण नंबर घासलेला असेल तर हातही लावू नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलिसांच्या फेऱ्या तुमच्या मागे लागतात.

डिझेलपंप_सांगली

नोझल आले. तीन बरे आहेत, दाब थोडा उतरलाय. तिसरा गाळतोय, बाकीच्यांपेक्षा खूप आधी उघडतो आणि फवाऱ्याऐवजी धार मारतो. उद्यमनगर काकांचा अंदाज तंतोतंत. पंपही पाठवा, त्याशिवाय नव्या नोझलचा उपयोग नाही. चारही लाइनला डिझेल सारखं पडलं पाहिजे.

दूधवाली_गडहिंग्लज

एक विचारते. ताकद वाढवली समजा, तर थांबायचं कशावर? ब्रेक तेच जुने ना? आंबोली उतरताना धुक्यात पाच फुटांपलीकडचं दिसत नाही.

उद्यमनगर

ताई, हा प्रश्न मीच आधी लिहायला हवा होता. क्लच, गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअर) आणि ब्रेक, हे सगळं त्या मूळ इंजिनाच्या जोराला धरून बनवलेलं आहे. २९० न्यूटन-मीटर मागं पाठवले की पहिल्यांदा क्लच, मग प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, मग क्राउन. एकेक करत सगळी गाडीच बदलावी लागते. वाचलेल्या पैशातून घनसाळने चारही चाकांचे ब्रेक लायनर, ब्रेक सिलिंडरची किट आणि ब्रेकचं नवं ऑइल घालावं.

घनसाळ_आजरा

दोन महिन्यांनी लिहितोय, भाताच्या गडबडीत राहून गेलं.

इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग दोन तुकडे, लायनरला नखात अडकतील असे ओरखडे. बाकी तीन झिजलेले पण साफ. क्रँक याआधी एकदा १० थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून काढलेला होता, आता २० ला काढला. चारही लायनर-पिस्टन, मेन आणि बिग एंड बेअरिंग, ऑइल पंप, हेडचे व्हॉल्व्ह-गाइड आणि हेडचं तळ सपाट करून घेतलं. पंप कॅलिब्रेशन, चार नवे नोझल. रेडिएटर उघडून नळ्यांत गज फिरवला तर चहाच्या रंगाचा गाळ निघाला, तिसरा हिस्सा बुजलेला होता. थर्मोस्टॅट बसवला. क्लच प्लेट घातली. हवेचा पाइप नवा.

इंजिनाचं काम, पंप-नोझल धरून, ८३ हजार. रेडिएटर आणि क्लच ११ हजार. ब्रेक ९ हजार. इंजिनाचा नंबर तोच, आरसी तीच, पासिंग मागच्या आठवड्यात झालं.

पहिले ८०० किलोमीटर अर्ध्या भाराने आणि घाट टाळून चालवली. काल पहिल्यांदा नारळ भरून आंबोली चढलो. दाणोलीपासून तिसऱ्यावर. वरच्या दोन वळणांना दुसरा टाकला, बरोबर अप्पांनी सांगितलं होतं तिथंच. काटा मध्यावर. अप्पा शेजारी बसले होते, काच खाली करून इंजिनाचा आवाज ऐकत. धबधब्यापाशी गाडी थांबवून उतरले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "चल."

स्कॉर्पिओच्या इंजिनावर चौथ्यावर चढलो असतो, हे खरं आहे. सह्यघाट भावा, एकट्याची आणि शेतावरची गाडी असती तर कदाचित मीही मोहात पडलो असतो.

आता दोन शंका. ऑइल कधी बदलू, आणि हेडचे बोल्ट परत बघायचे का?

सह्यघाट

मनापासून अभिनंदन. माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन उद्या मोजून घेतो.

उद्यमनगर

हजार पुरे झाले की लगेच बदला, १५डब्ल्यू-४० चालेल, फिल्टरसकट. हेडचे बोल्ट मिस्त्रीकडून टॉर्क पान्याने एकदा बघून घ्या, त्यासोबत व्हॉल्व्हचं अंतरही. काढलेलं ऑइल फेकू नका. स्वच्छ काचेच्या बरणीत घालून एक रात्र ठेवा आणि सकाळी तळाशी काय बसतं त्याचा फोटो इथं टाका. पहिल्या ऑइलात थोडी चमक असतेच, पण किती आणि कुठल्या रंगाची, ते मला बघायचं आहे. पिवळट दिसली तर गाडी भरू नका, तशीच माझ्याकडे घेऊन या.